मागच्या गाडीतले दोघं

आमच्या बँडच्या पोस्टरवर अजूनही आम्ही तिघं आहोत. मधे मी, मार्लिस, गिटार घेऊन; डावीकडे व्हायोलिनसारखं फिडल वाजवणारी टेस, उजवीकडे ड्रम बडवणारा ग्लेन. अकरा वर्षं, चार अल्बम, आणि रेजायनापासून थंडर बेपर्यंतचा प्रत्येक पेट्रोलपंप तोंडपाठ. मग टेस लग्न करून पार पूर्व किनाऱ्यावर, हॅलिफॅक्सला गेली. जूनमध्ये ग्लेन वीज कंपनीत चिकटला. 'विलो स्लू' हे बँडचं नाव तेवढं माझ्याकडे राहिलं. नुसत्या मार्लिस फ्रीझनला गायला कोण बोलावणार? म्हणून मी कुणाला काही सांगितलंच नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी अ‍ॅडलीन आणि ओरेस्ट ह्रिचाक या म्हाताऱ्या जोडप्याच्या तळघरात आमचा कार्यक्रम होता. गावातले तीसेक लोक आपापल्या खुर्च्या घेऊन आले होते. अशा कार्यक्रमात यजमान कलाकारांना जेवू घालतात, मुक्कामाला ठेवून घेतात. मी पोचले तेव्हा वारा सुटला होता, बर्फ आडवं उडत होतं. टेबलावर पेरोगींचा, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचा ढीग आणि तीन ताटं. पलीकडे तीन बिछाने.

"बाकीचे दोघं कुठायत गं?" अ‍ॅडलीनने विचारलं.

त्या तीन उशा बघून मी बोलून गेले, "येतायत मागून. दुसऱ्या गाडीने."

नंतर म्हणायचं, गाडी बिघडली, परत फिरले. शहरात हे खपलं असतं. मी स्वतः याच माळरानावर वाढलेली, पण अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. वादळात कुणी रस्त्यावर आहे म्हटलं, की इथे गाणं ऐकत कुणी बसत नाही.

दुसरं गाणं संपलं आणि ओरेस्ट उठला. "पोरी, ते निघाले कधी?"

"येतील हो. तुम्ही बसा ना."

"बसा काय बसा! समोरचं कोठार दिसेना झालंय. गाडी कुठल्या रंगाची?"

"निळी," मी म्हणाले. एक खोटं पचवायला दुसरं.

बघता बघता पुढची रांग रिकामी झाली. कुणी फावडं घेतलं, कुणी दोरखंड, कुणी थर्मासमध्ये कॉफी भरली. वर चार ट्रक सुरू झाले. शेजारची बाई माझा हात चोळत म्हणाली, "घाबरू नकोस हं. आमचा ओरेस्ट शोधून आणतोच." ती माया मला सोसेना.

मी गिटार खाली ठेवली. "अ‍ॅडलीन, त्यांना परत बोलवा. मागे कुणी नाहीये. मी एकटीच आहे. जूनपासून एकटीच आहे."

अ‍ॅडलीनने फोन लावले. एक ट्रक परतला, मग दुसरा, मग तिसरा. ओरेस्टचा फोन लागेना. चाळीस मिनिटं ती जिन्याच्या पायरीवर बसून राहिली आणि मी तिच्यासमोर उभी. आयुष्यात कुठल्याच मंचावर मला वेळ इतका लांब वाटला नव्हता.

तो आला तेव्हा मिशांवर बर्फ होतं. अ‍ॅडलीनने त्याला सगळं सांगितलं. मी शिव्या खायला तयार होते, खरं तर मला त्या हव्याच होत्या.

त्याने हातमोजे काढले. "म्हणजे अशा हवेत तू एकटी हिंडतेस?"

"हो."

"घरी परत पोचली नाहीस, तर शोधायला कोण निघतं?"

मी मनातल्या मनात नावं चाळली. टेस. ग्लेन. आई गेली त्याला चार वर्षं झाली.

"कुणी नाही," मी म्हणाले आणि तीस माणसांसमोर ढसाढसा रडले.

"मूर्ख पोरगी," ओरेस्ट म्हणाला. "जेव आधी."

जेवणानंतर मी उरलेली गाणी गायले. टेसच्या फिडलच्या जागा रिकाम्या यायच्या, तिथे नुसता वारा ऐकू यायचा.

सकाळी आकाश स्वच्छ होतं. गाडीची काच खरवडून देत ओरेस्ट म्हणाला, "घरी पोचलीस की फोन कर. दोनदा वाजू दे आणि ठेव. आम्ही सगळे तसंच करतो, बोलत बसायची गरज नाही."

दुपारी दोन वाजता मूज जॉला, माझ्या घरी पोचले. अंगातला कोटही न काढता फोन लावला.

दोनदा वाजू द्यायचा होता. पहिल्याच रिंगला त्याने उचलला.