शेवटची खात्रीची तारीख

धाकटीने मास्तरीणबाईंच्या हाताखालून माउस ओढून घेतला आणि पडद्यावरची तारीख पुसली.

“आजची तारीख ठेवायची नाही,” ती म्हणाली. “यंत्र आपणहून आजची घालून ठेवतं. ती काढायची आणि त्या गिऱ्हाइकाशी आपण शेवटचं खात्रीने कधी बोललो, ती घालायची.”

मास्तरीणबाईंनी वहीत लिहून घेतलं. तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून त्या आठवड्यापूर्वी इथे लागल्या होत्या. त्यांना नियम नुसता पाळून चालत नसे, त्याचं कारणही लागे.

“आणि आजची राहिली तर?”

“तर ते दर वेळी ‘नाही’च म्हणणार. हा नंबर आज सकाळपासून दुसऱ्याला गेला का, असं विचारल्यासारखं होतं ते.”

कंपनी कानाला लावायची यंत्रं विकत असे. वर्षातून एकदा गिऱ्हाइकांना फोन करून तपासणीला बोलवायचं. ऐकू न येणाऱ्यांना फोन करायचे, हा मुळातच विनोद होता आणि इथे लागलेला प्रत्येक जण पहिल्या दिवशी तो करून मोकळा होई. पण मागे एकदा कुणा आजोबांच्या कानांची सगळी रडकथा भलत्याच माणसाला ऐकवली गेली होती. आजोबांनी नंबर सोडून दिलेला, तो दुसऱ्याला मिळालेला. तक्रार झाली, आणि तेव्हापासून फोन करण्याआधी प्रत्येक नंबर तपासायचा असं ठरलं. ‘होय’ आलं, म्हणजे मधल्या काळात नंबर दुसऱ्याच्या हाती गेला. यादीतून नाव काढायचं. ‘नाही’ आलं, म्हणजे माणूस तोच आहे, फोन करायचा. एवढंच काम. धाकटी ते सहा वर्षं करत होती आणि तिच्या यादीत एक चूक सापडली नव्हती.

ती त्याच दिवशी, शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत सापडली.

सगळे खाली गेले होते. मास्तरीणबाई गेल्या वर्षाच्या नोंदींचे कागद चाळत बसल्या होत्या. धाकटी डबा उघडत होती, तेवढ्यात त्यांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला. पेन्सिलीने एका नंबराखाली रेघ ओढलेली होती. मग दुसरा कागद. तिथेही तोच नंबर, तशीच रेघ.

“हा एक नंबर दर शुक्रवारी तपासलाय,” त्या म्हणाल्या. “यादीत मात्र या नंबरचं गिऱ्हाईकच नाही. आणि दर वेळी तारीख त्याच दिवसाची.”

धाकटीने डब्याचं झाकण पुन्हा लावलं.

“माझ्या ताईचा आहे,” ती म्हणाली.

मास्तरीणबाईंनी पुढे विचारलं नाही. कदाचित म्हणूनच धाकटीने सांगितलं, तेही कागदाच्या कडा जुळवत, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. नऊ वर्षांपूर्वी बाबांची डावी बाजू गेली. दोघी बहिणी, दोघी बिनलग्नाच्या. ताईला परगावी चांगली जागा आली होती आणि धाकटीला एका मोठ्या रोपवाटिकेने बोलावलं होतं. वाटणी झाली ती स्वयंपाकघरात, उभ्याउभ्या. ताई म्हणाली, दोन वर्षं तू बघ, मग मी येते, मग तू जा. ती दोन वर्षं संपली आणि त्यानंतर ताईचं फोन उचलणं संपलं. रोपवाटिकेतली जागा केव्हाच दुसऱ्या कुणाला गेली. धाकटीकडे खिडकीतल्या चार कुंड्या राहिल्या. दर शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता ती ताईला फोन लावी. पूर्ण वाजे, उचलला जात नसे. आणि त्याआधी, शुक्रवारी दुपारी, इथे कुणी नसताना, ती यंत्राला विचारी. यंत्र म्हणे ‘नाही’. म्हणजे नंबर अजून ताईचाच. म्हणजे आपली पाळी अजून यायची आहे. तेवढ्यावर पुढचा आठवडा निघे.

“मला शिकवलंस ते तुला ठाऊकच होतं की,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“ठाऊक होतं.”

“खरी तारीख कुठली?”

तिला आठवावी लागली नाही. बाबा न्हाणीघरात दुसऱ्यांदा पडले तो दिवस. एका हाताने त्यांना धरून दुसऱ्या हाताने तिने फोन लावला होता. ताई “बघते” म्हणाली होती. तो शेवटचा शब्द. त्याला सात वर्षं होऊन गेली होती.

धाकटी उठून यंत्रापुढे बसली. नंबर न बघता घातला. आजची तारीख पुसली आणि त्या दिवसाची घातली. कळेवर बोट ठेवून ती थांबली. या सात वर्षांत तिने एक माणूस मनात उभा केला होता, हे तिला आत्ता कळत होतं. ताईचा नंबर मिळालेला कुणी भला, कामात असलेला माणूस, शुक्रवारी सातला फोन वाजला की वैतागून बाजूला ठेवणारा. त्याचा तिला राग येत नव्हता. ‘होय’ आलं तर ताईवरचाही राग जाणार होता.

तिने कळ दाबली.

‘नाही.’

मास्तरीणबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला लागल्या.

“म्हणजे आता नियमाप्रमाणे फोन करायचा,” काहीतरी बोलायचं म्हणून त्या म्हणाल्या.

“साडेतीनशेच्या वर करून झाले,” धाकटी म्हणाली. डबा तसाच पिशवीत गेला.

घरी बाबा खिडकीकडे तोंड करून पडले होते. त्यांची जीभ जड झाली होती, पण थट्टेची सवय गेली नव्हती. ती आत आली की ते रोज विचारत, किती बहिरे गाठले आज. ती रोज एक आकडा सांगे. आज म्हणाली, “एकही नाही. सगळ्यांना ऐकू येतंय.”

ते हसले. तिने त्यांना कुशीवर वळवलं, पाठ पुसली, सदरा बदलला. चार घास भरवले. पाचव्याला त्यांनी तोंड फिरवलं, कारण सात वाजत आले होते. शुक्रवारी सातला ते आपणच टीव्हीचा आवाज बारीक करत, उजव्या हाताने. तिकडे फोन उचलला जात नाही हे त्यांना माहीत होतं, पण आवाज बारीक करण्यात त्यांनी कधी खंड पाडला नव्हता.

त्यांनी आवाज बारीक केला.

धाकटीने फोन उशाशी पालथा ठेवला आणि कुंड्यांना पाणी घालायला गेली.

“सात झाले,” बाबा म्हणाले.

“हो, झाले.”

एका कुंडीतलं पिकलेलं पान तिने खुडलं, मग दुसरं. बाबांनी दोनदा मान वळवून घड्याळ पाहिलं, एकदा तिच्याकडे. ती जरा जास्तच वेळ कुंडी पुसत राहिली.

सव्वासातला फोन वाजला.

तिने तो उलटा करून पाहिला. नाव तेच होतं, सात वर्षं ज्या नावावर बोट ठेवलं ते. तिकडून आलेलं असं ते कधी दिसलं नव्हतं. फोन हातात वाजत होता आणि तिच्या मनात एकच हिशोब सरळ लागत गेला. दर शुक्रवारी सातला तिकडे फोन वाजायचा, म्हणजे इकडे सगळं ठीक, म्हणजे यायची गरज नाही. आपणच इतकी वर्षं ताईला कळवत आलो.

“कुणाचा?” बाबांनी विचारलं.

“तुमच्या थोरलीचा.”

बाबांच्या चेहऱ्याची हलणारी अर्धी बाजू हलली. धाकटीने हिरवी खूण सरकवली, आवाज मोठा केला आणि फोन त्यांच्या उजव्या हातात दिला. मग पलंगाचा कठडा वर ओढून अडकवला. पाण्याचं भांडं हाताशी सरकवलं. ओली फडकी वाळत घातली. दाराजवळ जाऊन पिशवी खांद्याला लावली.

“बाबा?” फोनमधला आवाज घोगरा झाला होता, पण ताईचाच होता. “बाबा, काय झालं? आज फोन नाही आला. धाकटी बरी आहे ना? कुठाय ती?”

दाराबाहेर जिन्यात तिच्या चपला होत्या. एक तिने पायात घातली.

“आहे की,” आतून बाबा सावकाश, एकेक शब्द उचलत म्हणाले. “ती कुठे जातेय?”

धाकटीने जिन्याच्या कठड्याला धरून दुसरी घातली.