फडक्याचं शेपूट

चढ आला की ट्रक रडायला लागायचा. इंजिन उतरवून, नव्यानं बांधून आठवडाही झाला नव्हता आणि ड्रायव्हर भरल्या गाडीसकट गॅरेजच्या दारात हजर होता.

"ताई, सपाटीला ठीक आहे, पण चढाला दमच नाही. मागे नुसता काळा धूर."

"बघते," मेस्त्रीण म्हणाली. हे इंजिन तिनं आणि आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, मिळून बांधलं होतं. आबांचे हात हल्ली थरथरत. थोरला भाऊ तर टपूनच बसला होता. "आता एक जरी इंजिन बिघडलं, तर आबांनी पान्याला हात लावायचा नाही. घरी बसायचं," असं तो सगळ्यांसमोर बोलला होता. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ज्या माणसाला घर खायला उठतं, त्याला कायमचं घरी बसवायचं म्हणजे काय, हे त्या शहाण्याला कोण सांगणार!

म्हणून ती आधी स्वतः केलेल्या कामाच्या मागे लागली. चूक आपलीच निघू दे, असं मनात घोकत तिनं हवेचा फिल्टर काढला. स्वच्छ. डिझेलचा फिल्टर, नोझल, सगळं पुन्हा पाहिलं. कुठं काही नाही. एरवी तिची मान ताठ झाली असती. आज तिला रडू येत होतं.

उरलं आबांनी केलेलं काम. त्यात पहिलं टायमिंग, म्हणजे इंजिनाच्या गिअरांचा मेळ. आबा बाकावर बसून, तिच्याकडे न बघता सगळं बघत होते.

"टायमिंग चुकलं असेल का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"भाऊ, जरा गप्प राहता का?" ती त्याच्यावर खेकसली.

तिनं झाकण उघडलं. गिअरवरच्या खुणा समोरासमोर होत्या, केसाचाही फरक नाही. तिचा जीव भांड्यात पडला. "आबा, टायमिंग एकदम चोख!"

आबा हसले नाहीत.

मग राहिली टर्बोकडून इंजिनात हवा नेणारी नळी. तिनं ती सोडवली, नळीच्या तोंडात बोट घातलं आणि बोटाला कापड लागलं. काळंठिक्कर झालेलं लाल फडकं. काम चालू असताना धूळ जाऊ नये म्हणून उघड्या तोंडात असा बोळा कोंबतात. पण त्याचं शेपूट बाहेर लोंबतं ठेवायचं, म्हणजे जोडताना विसर पडत नाही. ही शिस्त आबांचीच. शेपटावरून लहानपणी तिनं किती बोलणी खाल्ली होती! आणि लाल फडकी वापरायचे फक्त आबा.

हा बोळा अख्खा आत होता.

तिनं तो मुठीत दाबून खिशात घातला. "नळीचा क्लँप ढिला राहिला होता, हवा बाहेर जात होती. माझाच गाढवपणा," ती मोठ्यानं म्हणाली. नळी जोडल्यावर ड्रायव्हर गाडी चढावर फिरवून आला आणि खुशीत निघून गेला.

आबा उठले. तिच्यासमोर येऊन त्यांनी हात पुढे केला. "दे."

"काय?"

"फडकं. इंजिन बांधल्यापासून एक कमी आहे. बोलायचा धीर होत नव्हता."

तिला तोंड वर करवेना. तिनं फडकं त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते कचऱ्यात टाकलं, दुसरं घेतलं आणि शेजारच्या उघड्या इंजिनात कोंबलं. शेपूट बाहेर ओढलं. थरथरतं टोक तिच्या हातात दिलं.

"कोंबीन मी," ते म्हणाले. "पण आता काढायचं तू."