विहिरीतले काका

मी एक जुने कासव आहे. किती जुने, ते मलाही ठाऊक नाही. आमच्यात कुणी कुणाला वय विचारत नाही, आणि सांगायची घाईही कुणाला नसते. माझ्या पाठीच्या कवचाची एक कड घासून घासून गुळगुळीत झाली आहे. ती अशी का झाली, हे सांगायचे तर सगळी हकीकतच सांगावी लागेल. बसा मित्रांनो. मला भरभर सांगता येत नाही, तेवढे सांभाळून घ्या.

माझा जन्म मातीतला. माळाच्या उतारावर, गवताच्या मुळांशी माझ्या आईने खड्डा उकरला, त्यात अंडी घातली, माती लोटली, ती जागा पोटाने थापून सपाट केली आणि ती आपल्या वाटेने निघून गेली. आम्हा कासवांत आई पिल्लांपाशी थांबत नाही. पण जागा मात्र ती फार पारखून निवडते. मी अंड्यातून बाहेर आले आणि उताराखालच्या तळ्याकडे धावत सुटले. हो, धावतच! हसू नका. लहानपणी आम्हीही धावतो.

तळ्यात मी वाढले. गोगलगायी खाल्ल्या, बगळ्यांना चुकवले, ओंडक्यावर बसून ऊन खाल्ले. अंगाने भरले तेव्हा एका पानगळीत माझे पाय आपोआप माळाकडे वळले. कुणी सांगितले नव्हते, कुणी दाखवले नव्हते. पोटात अंडी झाली की पायांना मातीची ओढ लागते, एवढेच मी सांगू शकते. त्यानंतर दर पानगळीत मी चढ चढून जात असे, जागा शोधून अंडी घालत असे आणि हलक्या अंगाने परत येत असे.

अशाच एका पानगळीत घात झाला.

माळाच्या मध्यावर एक जुनी दगडी विहीर होती. तिचे पाणी कुणी वापरत नसे. तिचा कठडा एका बाजूने ढासळला होता, तोंडावर वेली माजल्या होत्या आणि त्या वेलींवर सुक्या पानांचा जाड थर साचला होता. मला ती नेहमीची जमीनच वाटली. मी पुढचे पाय ठेवले. पाने सरकली आणि मी खाली गेले.

पाणी होते म्हणून वाचले. वर आले, डोके बाहेर काढले, तर चारही बाजूंना दगड! मी वाट शोधायला निघाले. भिंतीला अंग घासत एक फेरा मारला, आणखी एक मारला. नखे दगडांच्या सांध्यात रोवून वर चढायला पाहिले. थोडी चढले आणि पाठीवर पडले. पुन्हा चढले, पुन्हा पडले. किती वेळा, ते विचारू नका. शेवटी नखांची टोके बोथट झाली आणि दगड होता तसाच राहिला.

भिंतीतून एक दगड बाहेर आला होता, जेमतेम ताटाएवढा. तेच माझे घर झाले. सूर्य डोक्यावर आला की त्या दगडावर उन्हाचा एक तुकडा पडे आणि मी नीट पाय पसरण्याआधीच तो सरकून भिंतीवर चढे. तो चढे, मी नाही. वर आभाळाची गोल चकती दिसे. तिच्यातून पक्षी जात. एका कडेने येत आणि दुसऱ्या कडेला नाहीसे होत. पुढे ते कुठे जात, हे मी हळूहळू विसरले.

एके दिवशी त्या चकतीत एका माणसाचे डोके आले. पांढरे केस, नाकावर घसरलेला चष्मा. ते होते पोस्टमास्तर. पोस्टातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती, पण सगळे त्यांना पोस्टमास्तरच म्हणत. माळ वाचवायला गावातल्या मंडळींनी एक मंडळ काढले होते, त्याचे ते अध्यक्ष. मला पाहून त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. विहिरीत कासव असले की पाणी स्वच्छ राहते, हे फार शुभ लक्षण आहे, असे त्यांनी सगळ्यांना सांगितले. त्यांनी माझे नावही ठेवले. काका!

मग माझे कौतुक सुरू झाले. माळावर फिरायला येणारे लोक विहिरीशी थांबू लागले. मुलांना उचलून घेऊन 'ते बघ काका' असे दाखवू लागले. 'काका, वर बघा,' असे म्हणून बिस्किटे टाकू लागले. मी भुकेने वर येई, तर ते म्हणत, काका ओळखतात हो आपल्याला. मी भिंतीला पाय लावून धडपडे, तर ते म्हणत, काका नाच करतात. मित्रांनो, त्यांच्यात एकही माणूस वाईट नव्हता. मला कुणी दगड मारला नाही. सगळ्यांचा माझ्यावर जीव होता. म्हणूनच मला तिथून बाहेर काढावे, असे कुणाच्या मनातही आले नाही.

पोस्टमास्तर रोज येत. त्यांची बायको वारल्यानंतर तर ते फारच वेळ बसू लागले. घरात मुलगा होता, पण तो नोकरीसाठी सतत दौऱ्यावर. सून रोपवाटिकेत कामाला जाई. दिवसभर पोस्टमास्तर एकटे. मग ते कठड्याला टेकून माझ्याशी बोलत. भाजीत मीठ जास्त पडले, चष्म्याची काडी मोडली, रात्री झोप लागली नाही, असे काहीबाही. बायकोबद्दल मात्र ते एवढेच बोलत, 'काका, तिला तुम्ही फार आवडला असता.' मी खालून ऐकत असे. आम्ही दोघेही आपापल्या जागी अडकलो होतो. पण त्यांना उठून घरी जाता येत होते.

आता एक गोष्ट सांगते, जी वरून कुणालाच दिसली नाही.

दर पानगळीत वरून पाने गिरक्या घेत खाली येत आणि माझ्या पोटात अंडी तयार होत. मला माती हवी असे. मी त्या ताटाएवढ्या दगडावर चढे आणि मागच्या पायांनी खणू लागे. दगडाला खणता येते का? पण पाय ऐकत नसत. खरडत राहत. शेवटी अंडी थोपवता येत नसत. ती पाण्यात पडत आणि एकामागून एक तळाला जात. पाण्यात आमची अंडी जगत नाहीत. त्यांना कोरड्या मातीची ऊब लागते. मी त्यांच्या मागे तळाशी जाई, नाकाने त्यांना ढकलून पाही आणि श्वास संपला की वर येई. वर आले की कुणीतरी म्हणे, आले बघा काका.

मग एका पानगळीत मंडळाने माळावर मोठे काम काढले. गवतावर पसरलेली काटेरी झुडपे उपटायची, उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून छोटे बांध घालायचे आणि रोपे लावायची. वरून कुदळींचे आवाज येत होते. हसणे येत होते. उकरलेल्या मातीचा वास खाली उतरत होता आणि त्या वासाने मी वेडीपिशी झाले होते.

त्याच कामात विहिरीचाही नंबर लागला. तोंड उघडे होते, उद्या एखादे मूल पडले तर? म्हणून लोखंडी जाळी बसवायचे ठरले. कठडा बांधून काढायचा आणि जाळी सिमेंटमध्ये कायमची पक्की करायची. जाळी पोस्टमास्तरांनी स्वतः करून घेतली होती. तिला एक छोटी झडप होती, बिस्किटे टाकायला. ती झडप माझ्या पाठीपेक्षा लहान होती. 'आता काकांना कसलीच भीती नाही,' ते कौतुकाने सांगत होते. मापाला म्हणून ती तोंडावर ठेवली, तेव्हा मी खालून पाहिली. आभाळाचे चौकोनी तुकडे झाले होते.

जाळी बसवण्याआधी गाळ काढायचा होता. गवंड्याने पंप लावून पाणी उपसले, तो दोराच्या शिडीने खाली उतरला, मला बाजूच्या दगडावर ठेवले आणि घमेली भरून वर देऊ लागला. गाळ म्हणजे रोपांना उत्तम खत. तो चाळून खड्ड्यांत घालायचे काम पोस्टमास्तरांच्या सुनेकडे होते.

चाळता चाळता तिचा हात थांबला. चाळणीत काहीतरी गोल, पांढरे होते. तिने ते धुतले. आधी तिला मुलांच्या गोट्या वाटल्या. मग एक फुटली. तिने दुसरे घमेले चाळले, तिसरे चाळले. प्रत्येकात तेच. काही जुनी, नुसती टरफले. काही या पानगळीतली, अजून सबंध. ती उठून विहिरीशी आली आणि वाकून माझ्याकडे बघत राहिली. मी तेव्हा त्या दगडावर मागच्या पायांनी खरडत होते.

तिने सासऱ्यांना बाजूला बोलावले आणि ओली ओंजळ त्यांच्यापुढे धरली.

"हे काय?" पोस्टमास्तरांनी विचारले.

"अंडी आहेत, बाबा. हिची."

ते चष्मा काढून पुसत म्हणाले, "आणि आपण हिला काका म्हणत होतो."

मंडळींत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणाले, असू दे की, इतकी वर्षे इथे सुखात आहे, आता बाहेर जगेल तरी का? मुलांचा हिरमोड होईल, असेही एकजण म्हणाला. गवंडी सिमेंट कालवून बसला होता. ते आवळून येण्याआधी काय ते ठरवा, एवढेच तो म्हणाला. सगळे पोस्टमास्तरांकडे बघू लागले. ते जाळीच्या त्या छोट्या झडपेवरून बोट फिरवत होते.

सून हळूच म्हणाली, "ती इथे सुखात नाहीये, बाबा. तिला जायला वाट नाही, म्हणून ती इथे आहे."

"मग मी रोज कुणाशी बोलू?"

हे ते इतक्या हळू बोलले, की फक्त तिने ऐकले आणि खालून मी. ओंजळीतली अंडी तिने जपून घमेल्यात ठेवली, हात पदराला पुसले.

"संध्याकाळी मी घरी येतेच की," ती म्हणाली. "तुम्ही खोलीचे दार लावून बसता, म्हणून मी कधी आत आले नाही."

पोस्टमास्तरांनी मान डोलावली आणि गवंड्याला सांगितले, घमेले घेऊन खाली उतर, हिला वर आण.

मी वर आले, मित्रांनो! विहिरीच्या काठाशी आल्यावर आभाळ एकदम चहूकडे पसरले आणि मी घाबरून डोके आत ओढून घेतले. तळ्यापर्यंत मला पोस्टमास्तरांनी स्वतः नेले. पाण्याशी मला खाली ठेवले आणि 'सांभाळून जा हं, काकू,' असे म्हणून ते मागे सरले.

आता वाटेल, की मी आनंदाने पोहत निघाले. तसे झाले नाही. एवढ्या मोठ्या तळ्यात मी गोल गोल फिरत राहिले, विहिरीएवढ्याच फेऱ्यात. जिथे भिंत असायची, तिथे आले की पाय आपोआप वळत. पाणी पुढे मोकळे होते, पण माझ्या अंगाला ते पटत नव्हते. कितीतरी दिवस मी अशी, नसलेल्या भिंतीला अंग घासत, तिथल्या तिथे फिरले. अजूनही झोपेतून जागी झाले की क्षणभर मी दगड चाचपते.

विहिरीवर जाळी बसली. बेडूक पडले तर त्यांना चढून येता यावे म्हणून सुनेने आत एक तिरपी फळी सोडून ठेवायला लावली. एवढीशी फळी! मला ती मिळाली असती, तर ही हकीकतच घडली नसती.

कधीकधी तिन्हीसांजेला सासरे आणि सून तळ्याकाठी येऊन बसतात. भाजीबद्दल, चष्म्याबद्दल बोलतात. आता ती त्यांच्या बायकोबद्दलही विचारते आणि पोस्टमास्तर सांगतात. बिस्किटे ते आणत नाहीत. मी वर यावे म्हणून हाकही मारत नाहीत. एकदा मी आपण होऊन पाण्याबाहेर नाक काढले. त्यांनी सुनेच्या हाताला नुसता स्पर्श केला आणि दोघेही गप्प बसून राहिले.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला एकच विनवणी आहे. उघडी विहीर, खड्डा, टाके दिसले तर त्यात एक फळी टाकून ठेवा. आणि ज्याच्यावर तुमचा फार जीव आहे, त्याच्याभोवती एकदा फिरून बघा. त्याला तुमच्यापासून दूर जायला वाट आहे ना? नसेल तर आधी ती करून द्या. मग तो थांबला, तरच तो तुमचा.