‘बरं’चा रकाना

विभागात त्यांना सगळे ‘रकाने’ म्हणत. ते आडनाव नव्हतं. ज्या माणसाने घरातल्या रुसव्याफुगव्यांचाही तक्ता आखून फ्रिजवर चिकटवला होता (तारीख, कारण, आधी कोण बोललं) त्याला दुसरं काय म्हणणार? तो तक्ता बायकोने तिसऱ्या दिवशी फाडला. शेवटची नोंद करायची तेवढी राहून गेली.

विद्यापीठाच्या अन्नविज्ञान विभागात रकाने वरिष्ठ संशोधन सहायक होते. वरिष्ठ होऊन अकरा वर्षं झाली होती, कायम व्हायचं अजून बाकी होतं. विभागप्रमुख मॅडमनी आयुष्यभराच्या अभ्यासातून एक पावडर तयार केली होती. जवाच्या पिठात प्रथिनं, तंतू, लोह आणि चार जीवनसत्त्वं. रोज दोन चमचे कोमट दुधातून घ्यायची आणि म्हातारपणचा थकवा पळवायचा, असा एकूण बेत.

चाचणी अगदी शास्त्रशुद्ध होती. साठीच्या पुढचे चौसष्ट जण. निम्म्यांना लाल झाकणाचा डबा, निम्म्यांना निळ्या झाकणाचा. एकात मॅडमची पावडर, दुसऱ्यात नुसतं भाजलेलं पीठ. कशात काय, हे फक्त मॅडमच्या कपाटातल्या बंद पाकिटाला ठाऊक. प्रस्तावात रक्ततपासणीही होती, पण मंजूर झाला फक्त टेलिफोन. तेव्हा बारा आठवडे, दर मंगळवारी, प्रत्येकाला फोन करून विचारायचं : “कसं वाटतंय?” उत्तर तीनपैकी एका रकान्यात टाकायचं : सुधारणा, फरक नाही, त्रास वाढला.

चौसष्ट फोन एकट्याने कोण करणार? म्हणून लाल झाकणवाले बत्तीस रकान्यांनी घेतले आणि निळे बत्तीस सांख्यिकीच्या बाईंनी. यादीची दोन पानं होती, प्रत्येकी एक. याहून सुटसुटीत वाटणी जगात कुणी केली नसेल.

लाल झाकणातला बत्तिसावा माणूस ऐन वेळी मुलीकडे राहायला निघून गेला. तेव्हा रकान्यांनी आपल्या आत्याचं नाव घातलं. नियमाप्रमाणे नातेवाईक चालत नाहीत. अर्जातला ‘नातं’ हा रकाना त्यांनी मोकळा सोडला. उभ्या आयुष्यात त्यांनी मोकळा सोडलेला तो एकमेव रकाना.

आईवडिलांच्या माघारी आत्यानेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. ती दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. फोन उचलला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला : “घाईत आहेस का?”

“थोडा. कसं वाटतंय, आत्या?”

“बरं आहे रे.”

रकाने ‘सुधारणा’वर टिचकी मारायचे आणि पुढचा नंबर फिरवायचे. बारा मंगळवार, बारा टिचक्या.

मग पाकीट उघडलं. लाल झाकणात खरी पावडर निघाली. लालमध्ये बत्तीसपैकी सव्वीस जणांत सुधारणा, निळ्यात फक्त सात. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले, मग चष्माही पुसला. कुलगुरूंनी गुरुवारी वार्ताहर बैठक ठरवली. डब्यावर छापायचा मजकूरही तयार झाला : ‘दहापैकी आठ ज्येष्ठांना नवी उभारी’. आणि रकान्यांच्या कायम होण्याची फाइल अकरा वर्षांनी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चालत गेली.

सोमवारी सकाळी आत्याच्या शेजारणीचा फोन आला. आत्या जिन्यात बसली होती आणि तिला उठता येत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, रक्त तपासायला पाठवलं, आणि दुपारी कागद हातात घेऊन म्हणाले, “हिमोग्लोबिन सात. हे काही आठवड्याभरात झालेलं नाही. धाप कधीपासून लागते?”

“झाले की तीन-चार महिने,” आत्या म्हणाली. “आधी जिन्यात एकदा थांबायचे, आता तीनदा.”

“मग आला का नाहीत?”

“अहो, याच्या विद्यापीठाची पावडर चालू होती ना. म्हटलं, आज ना उद्या अंगात ताकद येईल. उगाच डॉक्टरांचं औषध सुरू केलं तर याच्या प्रयोगाचा घोटाळा व्हायचा.”

डॉक्टरांनी रकान्यांकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर रकान्यांना सोपं गेलं असतं. नुसतं कुतूहल होतं.

“पण आत्या,” रकाने म्हणाले, “तू तर दर मंगळवारी बरं आहे म्हणायचीस!”

“मग काय म्हणणार? तू घाईत असायचास.”

मंगळवारी रकाने सांख्यिकीच्या बाईंच्या टेबलाशी उभे राहिले. बाई डबा उघडून जेवत होत्या.

“एक विचारू? तुमचे लोक फोनवर नुसतं ‘बरं आहे’ म्हणाले, तर तुम्ही कुठे लिहायचात?”

“‘फरक नाही’मध्ये. आणखी कुठे लिहिणार?” बाई घास गिळत म्हणाल्या. “माझे सासरे वीस वर्षं ‘बरं आहे’ म्हणतायत. त्यांच्या सगळ्या तक्रारींचं ते एका शब्दातलं संक्षिप्त रूप आहे. का हो, तुम्ही कुठे लिहायचात?”

 रकाने आपल्या खोलीत गेले, दार लावलं आणि फोनच्या वेळी काढलेली टिपणं एक एक करून चाळली. ताप उतरला की माणूस बरा होतो, म्हणून बरं म्हणजे सुधारणा, इतका सरळ त्यांचा हिशेब होता. ‘बरं आहे’वाले वेगळे काढले, तर त्यांच्या सव्विसांपैकी उरले आठ. निळ्यातले सात होतेच. आठ आणि सात.

 कुणाला काही कळणार नव्हतं. बाई जेवून विसरून गेल्या असणार. डबे दुकानात गेले असते, आणि कुठल्या तरी दुसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीने डॉक्टरकडे जायचं सोडून दोन चमचे दुधात ढवळले असते. शिवाय भाच्याला त्रास नको, म्हणून बरं आहे म्हटलं असतं.

बुधवारी दहा वाजता ते मॅडमपुढे उभे राहिले आणि सगळं सांगितलं. आत्याचं नाव, मोकळा रकाना, आठ आणि सात.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, “म्हणजे बारा आठवडे आपण पावडर तपासलीच नाही. तुमच्या दोघांचे कान तपासले.”

“हो मॅडम.”

“आणि त्यात फरक सापडला.”

“मोठा सापडला.”

मॅडम खिडकीकडे वळल्या. “उद्या वार्ताहर येणार आहेत, रकाने. हे तुम्ही परवा सांगितलं असतं तर?”

“परवा मलाच माहीत नव्हतं.”

“तसं नाही विचारत मी. गुरुवार उलटल्यावर, शुक्रवारी सांगितलं असतं तर, असं विचारतेय.”

मोह मॅडमनाही होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. रकान्यांना तेवढ्यापुरतं त्यांच्याबद्दल फार आपलेपण वाटलं.

“आत्याचं हिमोग्लोबिन सात आहे, मॅडम,” ते म्हणाले. त्यांच्याजवळ दुसरा मुद्दा नव्हता.

मॅडमनी फोन उचलून कुलगुरूंच्या कचेरीला बैठक रद्द करायला सांगितलं. कारण विचारल्यावर म्हणाल्या, “भाषेची अडचण आहे.” मग रकान्यांपुढे कोरा कागद सरकवला. “लिहा. स्वतःच्या अक्षरात. नातंही लिहा.” त्यांनी लिहिलं.  कायम होण्याची फाइल आता कुठे जाईल, हे दोघांनाही कळत होतं.

संध्याकाळी ते आत्याकडे गेले. ती उशीला टेकून बसली होती. औषधाच्या बाटल्या खिडकीत ठेवल्या होत्या.

“आत्या, चुकलं माझं,” ते म्हणाले. “मी तुला विचारायचो, पण ऐकत नव्हतो.”

“जाऊ दे रे. एवढं काय मनाला लावून घेतोस! मीच नीट सांगायला हवं होतं.”

तिने इतक्या चटकन माफ केलं की रकान्यांना खाली बघावं लागलं. ओरडली असती, तर थोडंफार तरी फिटलं असतं.

त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि म्हणाले, “मग आता सांग. सगळं. मला आज कुठेही जायचं नाही.”

आत्याने त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. “सगळं?”

“सगळं.”

ती सावरून बसली आणि डोक्यापासून सुरुवात केली. उठताना येणारी चक्कर, कानातला आवाज, रात्री आखडणारी मान. दिवे लागले तेव्हा ती उजव्या खांद्यावर होती. रकान्यांनी एकदा हळूच पाय मोकळे केले, तशी तिने हात वर केला.

“बस खाली. अजून कमरेपर्यंतही आले नाही मी.”

रकाने बसले.