शेऱ्याचा रकाना

सरजाने चपला गरम पाण्याच्या कुंडाच्या कडेला काढल्या, पदर खोचला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. हातात बापाचा थर्मामीटर होता, पितळी नळीतला, सुतळी बांधलेला.

"उतरायलीस कुठं गं?" गुरवाची बायनाबाई वर झाडत होती. कुंडाची देखभाल तिच्याच घराकडे. "तुझा बाप भाईर चरातच बुडवायचा ते."

"बा खाली उतरायचा, मावशी."

"कोन, लिंबाजी? एक दिस न्हाई उतरला. पैल्या दिवशी सायबाची जीप गेली अन् आमच्या ह्यांनी हात जोडले, म्हनले, देवाचं पानी हाय, बाबा. बरं म्हनला. पुन्हा बोलायचं काम पडलं न्हाई. लय समजूतदार मानूस."

बायनाबाईच्या बोलण्यात आडपडदा नव्हता. ती कौतुकच करत होती. सरजाने पाय मागे घेतला.

लिंबाजीला जाऊन वीस दिवस झाले होते. पुण्यानुमोदन आटोपलं, पाहुणे पांगले आणि काल साहेब आले. या गरम पाण्याखाली, जमिनीच्या पोटात, वीज करण्याजोगी ऊब आहे का ते पाहायला सरकारने पैसा मंजूर केला होता. तीनशे मीटर खोल भोक पाडणारं यंत्र चैत्रात यायचं होतं. यादीत दोन गावं होती. हे गाव वर आलं ते लिंबाजीने तीन वर्षं रोज घेतलेल्या पाण्याच्या तापमानाच्या नोंदींवर. आता एकच दाखला हवा होता, की सर्व नोंदी रोज सकाळी प्रत्यक्ष उगमाशी घेतल्या. लिहिणारा राहिला नाही, तेव्हा मुलीने सही करावी. ती पूर्णेच्या शाळेत शिकवते, तिची सही चालेल. उगमापासून दूर घेतलेली नोंद धरत नाहीत, मग यंत्र दुसऱ्या गावाला जाईल, असंही साहेब जाता जाता बोलले. आजची नोंद लिहून दहाला वही द्यायची होती.

सुटीत ती घरी आली की लिंबाजी भाकरी मोडता मोडता पायऱ्यांचं सांगायचा. सात पायऱ्या. सातवी शेवाळलेली, टाच रोवून उभं राहावं लागतं. "ज्या पान्याची वाफ माझ्या आज्यानं लांबून बघितली, त्यात मी रोज हात घालायलोय," म्हणायचा. "सरकारी काम म्हनल्यावर कोन अडवतंय?" सरजाने हे आपल्या वर्गात सांगितलं होतं. बापाचं नाव घेऊन सांगितलं होतं.

ती वळसा घालून भिंतीबाहेर गेली. कुंडाचं पाणी तिथे चरातून ओढ्याला जात होतं. तिने थर्मामीटर बुडवून पाच मिनिटं धरला. एकेचाळीस. वहीत लिंबाजीच्या शेवटच्या पानावर ओळीने बावन्न, बावन्न, एक्कावन्न, बावन्न. तिने वही उलटली. मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने, तीन वर्षांपूर्वीची तारीख घालून लिहिलं होतं: साहेबांनी मोजले. खाली ५२, चरात ४१. फरक ११.

चरात मोजायचं आणि अकरा मिळवायचे. हजारावर सकाळी. पाटीवर अंदाजाने उत्तर लिहिलं की हाच माणूस तिच्या बोटांवर पट्टी मारायचा.

ती परत आली आणि न थांबता पायऱ्या उतरू लागली. वर खराटा थांबला.

"सरजा."

"सरकारी काम आहे, मावशी."

सातवी पायरी खडखडीत कोरडी होती. तिथून भिंत वळत होती आणि वळणाआड आणखी दोन पायऱ्या होत्या. वरून सातच दिसतात. नवव्या पायरीवर, कपारीतून पाणी येत होतं तिथे तिने थर्मामीटर धरला. बावन्न. डोळ्यांवर वाफ आली होती म्हणून तिने डोळे पुसून थर्मामीटर पुन्हा धरला. बावन्नच. आकडा चुकला असता, तर बाप चुकला एवढंच म्हणून वर येता आलं असतं.

वर कठड्यावर बसून तिने दाखला गुडघ्यावर घेतला. एक सही, आणि लिंबाजीच्या हातचे आकडे दिल्लीच्या कागदावर जाणार होते. जिवंतपणी त्याने तेवढंच मागितलं होतं. तिने पेनचं टोपण काढलं.

मागे पाण्याचा आवाज झाला. बायनाबाई बादली घेऊन पायऱ्या धूत होती. रागाने नव्हे, रोजचं अंगण सारवावं तशी, वरून खाली, एकेक पायरी. सरजाच्या चपला भिजू नयेत म्हणून तिने त्या खराट्याच्या टोकाने बाजूला सारल्या.

सरजाने दाखला घडी करून कोराच ठेवला आणि वही उघडली. आकडा लिहिला, बावन्न. शेजारी शेऱ्याचा रकाना होता, तीन वर्षं रिकामा. त्यात बारीक अक्षरात लिहिलं: ‘आजची नोंद उगमाशी, नवव्या पायरीवर. यापूर्वीच्या सर्व नोंदी बाहेरच्या चरात घेऊन अकरा अंश मिळवलेल्या आहेत. नोंद घेणाऱ्यास खाली उतरू दिले नाही.’ खाली पूर्ण सही केली, सरजा लिंबाजी खंदारे.

जीप दहाच्या आधीच आली. साहेबांनी आकडा पाहिला. "बावन्न. छान," म्हणाले, आणि दाखल्यासाठी हात पुढे केला.

"वहीतच लिहिलंय, साहेब. शेवटच्या रकान्यात."

बायनाबाई रिकामी बादली घेऊन जवळ आली. "कवा यायलंय मशीन, सायब? आमच्या पोराला, पंडितला, चौकीदार ठेवतो म्हनले होते तुमी."

साहेबांचं बोट शेऱ्यावर थांबलं होतं.

सरजाने चपला घातल्या. त्या कोरड्याच होत्या.