शून्यापाशी टेकडी नाही

एल आल्तोच्या शाळेत मी गणित शिकवतो, आणि पोरांवर विश्वास ठेवणं मी केव्हाच सोडलंय. परवा परीक्षेत एक्सचा चौथा घात वजा एक्सच्या घनाची चौपट, याचा आलेख काढायला दिला. सगळ्या वर्गाने शून्यापाशी टेकडी काढली. तिथे डेरिव्हेटिव्ह शून्य येतं ना, मग द्या टेकडी ठोकून! एकट्या नायराची रेघ तिथे क्षणभर सपाट होऊन पुढे उतरतच गेली आणि तीनपाशी वळून वर चढली. अगदी बरोबर. म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. मी मक्याची गरम आपी प्यायला बाहेर गेलो, तेव्हा माझी उत्तरं टेबलावर उघडीच होती.

तास संपल्यावर मी तिला थांबवलं. "कुठून उतरवलंस?"

"कुठूनच नाही, प्रोफे. शून्याच्या अलीकडे डेरिव्हेटिव्ह ऋण, पलीकडेही ऋण. दोन्हीकडे उतारच, मग टेकडी येणार कुठून?"

"मला शहाणपण शिकवू नकोस. हे तुला सांगितलं कोणी?"

"तुम्हीच."

"मी? मग बाकीच्यांना कसं येत नाही?"

"आंदोलकांनी रस्ते अडवले होते, त्या दिवशी वर्गात दुसरं कोणी आलंच नव्हतं. मी चालत आले होते. तुम्ही फळ्याकडे तोंड करून सबंध तास शिकवलंत, प्रोफे, आणि एकदाही मागे वळून बघितलं नाहीत."