खिडकीबाहेरचा पंखा

आसावरीला सातवा महिना लागला तेव्हाची, म्हणजे २००४ च्या मार्चमधली गोष्ट. डेल नावाचा माणूस बेसमेंटमधल्या खोलीत गुडघ्यांवर बसून काँक्रीटला भोक पाडत होता. खोली तिच्या सासूसासऱ्यांची. एकनाथराव कोट घालून मागच्या अंगणात खुर्चीवर बसले होते. अहिल्याबाई मात्र दारातच उभ्या राहिल्या. धूळ बसू नये म्हणून त्यांनी देवांवर पंचा टाकला होता.

अमेरिकेतल्या डब्लिनमधलं हे घर उतारावर होतं, त्यामुळे बेसमेंटचं मागचं दार सरळ अंगणात उघडायचं. दोन वर्षांपूर्वी नागपुरात एकनाथरावांना हार्ट अटॅक आला. त्यानंतर सिद्धेशने आईवडिलांना कायमचं इकडे आणलं आणि ही खोली त्यांना दिली. जिने चढायचे नाहीत, असं इथल्या डॉक्टरनेही सांगितलं होतं.

रेडॉनचं नाव सिद्धेशने ऑफिसातल्या नरेंद्रकडून ऐकलं. नरेंद्र घर विकत होता आणि घेणाऱ्याने ती टेस्ट मागितली होती. हा वायू जमिनीतून वर येतो. त्याला वास नाही, रंग नाही. वर्षानुवर्षं श्वासावाटे आत गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. सिद्धेशने डेलला बोलावलं. डेलने घराची दारं-खिडक्या बंद ठेवायला सांगून खोलीत एक पेटी ठेवली. आकडा चारच्या आत हवा होता. तो अकरा आला.

उपाय काय ते डेलने सांगितलं आणि आसावरीने मराठीत समजावलं. फरशीखालून एक पाइप काढायचा, तो भिंतीतून बाहेर नेऊन छपरापर्यंत चढवायचा आणि बाहेर त्यावर पंखा बसवायचा. पंखा जमिनीतली हवा ओढून वर सोडून देईल.

"म्हणजे घरालाही नळी घालायची," एकनाथराव म्हणाले. "मला घातली होती तशी."

पंखा त्यांच्या खिडकीच्या बाहेरच बसला. त्याचं बटण खोलीत, दाराशेजारी. लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालावी तशी घरघर खोलीत भरून राहिली. एकनाथरावांना पहिल्याच रात्री गाढ झोप लागली.

पुन्हा टेस्ट होणार होती. तोवर सिद्धेशने ठरवून टाकलं होतं, की आकडा उतरला नाही तर त्या खोलीत कोणी झोपायचं नाही. आईने वर बाळासाठी रंगवलेल्या खोलीत झोपायचं, बाबांनी हॉलमधल्या सोफ्यावर. अहिल्याबाई म्हणाल्या, मीही हॉलमध्येच झोपेन, खाली गादी टाकून.

"आणि सकाळी तुला उठवायला क्रेन मागवू का?" सिद्धेश म्हणाला. "गुडघे बघ आधी."



डेल पेटी ठेवून गेला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ठरल्या वेळेच्या आधीच न्यायला आला. आकडा सात होता. त्याला ते पटेना. पाइपवर लाल पाण्याची, यू आकाराची एक काचेची नळी लावलेली होती. पंखा चालू असला की तिच्या एका बाजूचं पाणी वर चढलेलं असतं. आता दोन्ही बाजू सारख्या होत्या. डेलने दाराजवळचं बटण दाबलं आणि बाहेर पंखा सुरू झाला. मग तो वळून सगळ्यांकडे बघत राहिला.

"आई, तू बंद केलास?" सिद्धेशने विचारलं.

"रोज रात्री करते. सकाळी लावते. आज लावायच्या आधीच हा आला."

"नागपूरचं लोडशेडिंग सोबत घेऊन आलीस का गं?"

एकनाथराव मोठ्याने हसले. अहिल्याबाईही हसल्या.

"रात्रभर फुकटची वीज जाते रे," त्या म्हणाल्या.

डेलने बटणावर चिकटपट्टी लावली. सिद्धेशने त्याला पुढच्या आठवड्यात परत बोलावलं आणि आईला सांगितलं, की आता शेवटचं. या वेळी आकडा चुकला तर दोघांनाही वर हलवणार. ती चिकटपट्टी काढायची नाही, असंही दोनदा बजावलं. त्यांनी मान हलवली.

दुपारी आसावरी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घेऊन खाली आली. जेवून एकनाथरावांचा डोळा लागला होता. अहिल्याबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी हाताचा तळवा नवऱ्याच्या छातीवर ठेवला होता, वजन न टाकता. मग वाकून कान त्यांच्या तोंडाजवळ नेला आणि तशाच राहिल्या.

आसावरी दारात थांबली. तिला फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती. तिने बटणावरच्या चिकटपट्टीकडे पाहिलं.

अहिल्याबाईंनी हात काढून घेतला.

"आई, विजेसाठी नव्हतं ना ते?"

"नागपुरात यांचा श्वास बदलला तशी मला जाग आली होती," अहिल्याबाई हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणून वेळेत नेता आलं. आता या आवाजात काही कळत नाही. पण यांना बोलू नकोस. मी जागी असते असं कळलं तर हेही झोपायचे नाहीत."

आसावरीने घड्या कपाटात ठेवल्या आणि ती वर गेली.

त्या संध्याकाळी तिने सिद्धेशला सांगितलं, की डेलला फोन कर, पंखा तिथून काढून वर बसवायला सांग, बाळाच्या खोलीबाहेर.

"वेडी आहेस का? ती खोली आपल्याला लागून आहे. आपण झोपायचं कसं?"

"एकसारख्या आवाजात बाळं चांगली झोपतात. बाळंतपणाच्या क्लासमध्ये सांगितलंय."

"मग टेबल फॅन आणू ना यार."

"मला हाच हवा."

सातव्या महिन्यातल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही, असं सिद्धेश दुसऱ्या दिवशी फोनवर डेलला म्हणाला. डेललाही ते पटलं असावं. तो मोठी शिडी घेऊन आला आणि पंखा वर बसवून गेला. खाली पाइपमधून हवेची बारीक सुरसुर राहिली, घरघर गेली. या वेळी आकडा दोन आला आणि अहिल्याबाईंच्या गाद्या होत्या तिथेच राहिल्या.

निधी मे महिन्यात जन्मली. ती त्या आवाजात खरंच झोपायची. सिद्धेशने मात्र उशी डोक्यावर घेऊन झोपायची सवय लावून घेतली.

अहिल्याबाई २००७ च्या नोव्हेंबरमध्ये गेल्या, त्याच खोलीत, झोपेत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. एकनाथराव शेजारीच झोपले होते. त्यांना सकाळी कळलं.